चर्चा: हायड्रोजेलमध्ये युरिया मुरवून कपाशीला देणं कोरडवाहूत परवडेल का?

कोरडवाहू_बीड
खरीप जवळ आला की नवा प्रचार सुरू होतो. यंदाचा असा: हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या पदार्थाचे, दाणे युरियाच्या पाण्यात फुगवा, पेरणीच्या ओळीत टाका, पावसाचा खंड पडला तरी पाणी आणि नत्र दोन्ही मुळाशी तयार. माझं मत स्पष्ट सांगतो, तत्त्वात खोट नाही, मात्रेत आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलो, म्हणजे एकरी फार तर 2 किलो. वजनाच्या 350 पट पाणी धरलं तर झालं 700 लिटर. एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे 4,000 लिटर, म्हणजे जेल पूर्ण फुगलं तरी पाव मिलिमीटरही नाही. भरात आलेली कपाशी दिवसाला 4-5 मिमी ओढते. भर दुपारी अर्ध्या तासात हे सगळं संपलं!

आता नत्र. त्या 700 लिटरमध्ये 1 टक्का युरिया विरघळवला तर 7 किलो युरिया, म्हणजे सव्वातीन किलो नत्र. बीटी कपाशीला एकरी 40 ते 50 किलो लागतं. उरलेलं कुठून येणार? ते नेहमीसारखं गोणीतूनच.

मुरमाड_खटाव
भाऊ, हिशोब बरोबर, पण भरातल्या कपाशीचा लावलात. पंधरा दिवसांचं रोप 5 मिमी पितं का? आमच्या मुरमाड रानात उगवण झाल्यावर दहा-बारा दिवस पाऊस दडला की रोपं माना टाकतात. तेव्हा ओल सगळ्या एकराला नको, बियाण्याच्या बाजूच्या वितभर जागेला हवी. शिवाय जेल एकदाच भरत नाही, प्रत्येक सरीला पुन्हा भरतं. एक दुबार पेरणी टळली तरी नऊशेच्या घरातली बियाण्याची पाकिटं वाचतात, मजुरी वेगळी.

क्षार_आणि_सामू
दोघंही 350 पट धरून चाललात, ती शुद्ध पाण्यातली गोष्ट आहे. जेलच्या साखळ्यांवर ऋण भार असतो, ते भार एकमेकांना ढकलतात म्हणून ते फुगतं. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आलं की या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि जेल आक्रसतं. वर मातीचा दाब असतोच. जड पाण्याच्या बोअरवर निम्मंही फुगणार नाही. कॅल्शियम नायट्रेट किंवा 19:19:19 सारखं पाण्यात विरघळणारं खत त्याच ठिबकातून सोडलंत तर आणखी कमी.

युरियावर भार नसतो, म्हणून तो जेलला त्रास देत नाही. पण त्याच कारणाने जेल त्याला धरूनही ठेवत नाही, पाण्याबरोबर तो सुखाने बाहेर पडतो. जमिनीत काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं. ते धन भाराचं, जेलला थोडं चिकटतं. पुढे नायट्रेट झालं की तेही सुटलं. म्हणजे नुसतं भिजवलेलं जेल नत्राला काही दिवस थोपवेल, हंगामभर नाही. हंगामभर सावकाश सुटायला युरिया जेल बनतानाच आत अडकवावा लागतो किंवा दाण्यावर थर द्यावा लागतो. दुकानातलं जेल बादलीत भिजवणं वेगळं.

मुरमाड_खटाव
बोअरचं पाणी जड, मान्य. पावसाचं गोडं असतं ना साहेब. कोरडवाहूत बोअर आणायचा कुठून?

क्षार_आणि_सामू
पाऊस गोडा, पण तुमची जमीन चुनखडीची. मातीतला विरघळलेला कॅल्शियम कुठे जाईल?

डाळिंबवाले_सांगोला
कपाशीवरून भांडू नका राव, जेलची जागा फळझाडाचा खड्डा आहे. नवीन लागवडीत खड्ड्याला 25 ग्रॅम मिसळायचं, शंभर पटच फुगलं तरी अडीच लिटर होतात, आणि कोवळ्या रोपाला ते पुष्कळ. युरिया मात्र त्यात मुरवू नका, कोवळ्या मुळ्या जळतात. रोप लागल्यावर थोडा थोडा वेगळा द्या. काळ्या रानात तर विकतच घेऊ नका. ती माती स्वतःच फुगते-आटते, ओल धरून ठेवते.

आणि हो, डायपर फोडून त्यातलं जेल कुंडीत घालायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. ते सोडियमचं असतं. कुंडीत खपेल, आधीच चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, रानात नाही.

माती_आधी
जेल ज्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं बनतं, त्या ॲक्रिलेटच्या साखळ्या जमिनीत फार सावकाश तुटतात, हे कुणीच बोललं नाही. युरोपीय संघाने 2023 मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर बंधनं आणली, खतांच्या आवरणांना मुदत दिली. पुसाच्या जेलचा कणा सेल्युलोजचा आहे खरा, पण त्यावर जोडलेल्या फांद्या ॲक्रिलेटच्याच.

कोरडवाहू_बीड
मातीचा मुद्दा गंभीर आहे, पण शेतकरी आधी खिशाकडे बघतो. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, युरियात नत्र 46 टक्के. एकराला 48 किलो नत्र लागलं तर 104 किलो युरिया, सव्वादोन गोण्या, सवासहाशे रुपयांच्या आत. जेल हजाराच्या वर किलो. वाया जाणारा सगळा, अगदी शंभर टक्के युरिया वाचला तरी जेलचा एक किलो विकत येत नाही! मग "नत्राची बचत" हे कारण पाकिटावर छापून कुणाला फसवता? पाण्यासाठी घ्यायचं तर घ्या, आणि तसं म्हणा.

नत्र वाचवायचं तर पाऊस होऊन वाफसा आल्यावर युरिया ओळीजवळ द्या आणि लगेच कोळपा मारा. आपल्या रानांचा सामू (पीएच) आठच्या आसपास, उघड्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. मातीआड गेला की ते बरंच थांबतं.

मुरमाड_खटाव
तुमची 266 रुपयांची गोणी सरकारच्या पैशाने स्वस्त आहे. खरी किंमत कितीतरी पट, फरक केंद्र भरतं. त्यातला थोडा पैसा जेलला दिला तर? युरिया उडून जावा म्हणून अनुदान, आणि वाचावा म्हणून काही नाही!

कोरडवाहू_बीड
अनुदान आलं की ते काळ्या रानातही खपेल, गरज नसताना. युरियावर कडुनिंबाचा लेप 2015 पासून सक्तीचा केला, तसं काहीतरी गोणीतच करून दिलं तर पटेल.

मुरमाड_खटाव
बरं, मी यंदा चार ओळी जेलच्या, चार बिनजेलच्या ठेवणार. बघू काय होतंय.

क्षार_आणि_सामू
मग युरिया दोन्हींकडे सारखाच आणि एकाच दिवशी द्या, जेलमध्ये मुरवू नका. नाहीतर फरक दिसला तरी तो पाण्याने पडला की नत्राने, हे कळायचं नाही. आणि त्या आधी माती तपासून क्षार आणि चुनखडी किती ते इथे टाका.