एकच वेलांटी ठेवा म्हणणाऱ्यांना उत्तर

मुद्रितशोधक
कालपासून एक संदेश फिरतोय: मराठीत सगळ्या वेलांट्या दीर्घ करा, सगळे उकार ऱ्हस्व करा, म्हणजे शुद्धलेखनाचा जाच संपेल. संदेश जेमतेम सहा ओळींचा, आणि त्यात 'आणी', 'पध्दत', 'आर्शीवाद', 'उध्वस्त'. यातल्या शेवटच्या तीन चुकांचा ऱ्हस्व-दीर्घाशी संबंधच नाही. उद्या एकच वेलांटी ठेवली तरी त्या तशाच राहतील.

'पद्धत' मध्ये द अर्धा आणि ध पूर्ण. छापील जोडाक्षरात द मोठा दिसतो आणि ध त्याच्या पोटाखाली लटकतो, म्हणून लोकांना ध अर्धा वाटतो. महाप्राण (ह मिसळलेल्या) व्यंजनाचं द्वित्व होताना आधी त्याचा अल्पप्राण (ह नसलेला जोडीदार) येतो: द्ध, च्छ, त्थ. बुद्धी, युद्ध, प्रसिद्ध, सगळीकडे द्ध. ध्द असलेला शब्द मराठीत नाही, त्यामुळे इथे विचार करायची वेळच येत नाही. 'उद्ध्वस्त' म्हणजे उद् + ध्वस्त, त्यातला द् गाळता येत नाही. रफार ज्या अक्षराच्या आधी र् उच्चारतो त्याच्या डोक्यावर बसतो: आ-शी-र्वाद.

आता वेलांट्या. शब्दाच्या शेवटी इ-उ आला तर दीर्घ: कवी, गुरू, पाटी (आणि, नि, परंतु, तथापि हे अपवाद). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचं दीर्घ: बहीण, जमीन, फूल. शेवट बदलला की तेच ऱ्हस्व: बहिणीला, जमिनीत, फुलाचा. म्हणून 'माहीत' पण 'माहिती'. 'नागपूर', 'नागपूरला', पण 'नागपुरात' आणि 'नागपुरी'. याला जाच म्हणायचं?

कपाशी
अर्धाच नियम सांगितलात. 'उंदीर' दीर्घ आणि 'मंदिर' ऱ्हस्व का, ते सांगा. 'वकील' दीर्घ, 'पंडित' ऱ्हस्व. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, मग 'शरीर'चं 'शरिराला' का नाही? कारण तुमच्या नियमाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय: तत्सम शब्द वगळून. म्हणजे शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय की नाही, हे आधी ठाऊक हवं. उंदीर आणि मंदिर मोठ्याने म्हणा. शेवटच्या वेलांटीत कानाला फरक कळत नाही. जो फरक मराठी माणूस बोलत नाही, तो न लिहिल्याबद्दल त्याला अशुद्ध ठरवणं हा अन्याय आहे. आणि 'शुद्धलेखन' हा शब्दही सोडा, 'प्रमाणलेखन' म्हणा. अशुद्ध म्हटलं की बोट अक्षराकडून माणसाकडे वळतं.

मुद्रितशोधक
शब्दाबद्दल ठीक, प्रमाणलेखन म्हणू. पण तत्सम ओळखायला संस्कृत यावं लागत नाही, शेपट्या ओळखता आल्या तरी पुष्कळ भागतं. -इक ऱ्हस्व: सामाजिक, आर्थिक. -ईय दीर्घ: भारतीय, राष्ट्रीय. -इत ऱ्हस्व: गणित, लिखित, अपेक्षित, मर्यादित. सरकारी पत्रांत आणि बातम्यांत येणारे बरेच तत्सम शब्द यांतच बसतात.

कपाशी
मग अतीत, व्यतीत, प्रतीत, संगीत? चारही तत्सम, चारही -इतच्या शेपटीचे दिसणारे, चारही दीर्घ. तिथे 'धातू बघा' हेच उत्तर येणार. म्हणजे आलंच संस्कृत.

टंकयंत्र
तुम्ही दोघं व्याकरणात अडकलात. निम्म्या चुका कळफलकाच्या आहेत. जुन्या टंकयंत्रांच्या रेमिंग्टन मांडणीत रफाराची वेगळी कळ होती. अक्षर आणि त्याची काना-वेलांटी टाकून झाल्यावर ती दाबायची. एक अक्षर आधी दाबली गेली की 'आर्शीवाद'. युनिकोडमध्ये र, हलन्त (पाय मोडायची खूण), व या क्रमाने दाबा, रफार आपोआप वा वर जातो.

खरा घोळ ऱ्या आणि र्या यांचा. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी येतील, 'आचार्यांना' म्हटलं तर गुरुजी. इन्स्क्रिप्ट या कळफलक-मांडणीत शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. काही जण साध्या र ला हलन्त देऊन मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण आतले संकेत वेगळे, त्यामुळे एक प्रकार टाकून शोधलं तर दुसरा सापडत नाही. शब्दकोश आणि मतदारयाद्या संगणकावर चढवणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यायलाच हवं.

सायली_ठाणे
वेलांट्या चुकल्या तरी अर्थ कळतो. वाक्यच हिंदी झालं तर काय उरतं? 'माझी मदत कर' नाही, 'मला मदत कर'. 'मला पुस्तक भेटलं' नाही, 'मिळालं'. माणूस भेटतो, वस्तू मिळते. हिंदीत दोन्हीला 'मिलना' आहे, मराठीत दोन वेगळी क्रियापदं असताना एक फेकून का द्यायचं? 'मी त्याला बोललो' याचा मराठीत अर्थ मी त्याला रागावलो, सांगायचं असेल तर 'म्हणालो'. आणि वाहिन्यांवरचा 'धक्कादायक खुलासा'! खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. त्यांना म्हणायचं असतं गौप्यस्फोट.

कपाशी
'भेटलं' वर हात घालू नका. खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात वस्तूही भेटते. ती आमची बोली आहे, तिला हिंदीची नक्कल म्हणणं अपमान आहे.

सायली_ठाणे
अपमान कसला? बोलीत जरूर म्हणा. पाठ्यपुस्तकात आणि बातमीत नको, एवढंच म्हणणं.

कपाशी
'बोलीत म्हणा' ही परवानगी देणाऱ्या तुम्ही कोण? प्रमाणभाषा पुण्याच्या बोलीवरून ठरली, तेव्हा तिला कुणाची परवानगी लागली नव्हती. शाळेत 'भेटलं' वर लाल रेघ बसली की मूल तोंड उघडायचं बंद होतं.

मुद्रितशोधक
आवाज खाली घ्या दोघांनीही. 'भेटलं' ला मीही चूक म्हणणार नाही, तो बोलींमधला फरक आहे. 'माझी मदत कर' आणि 'खुलासा' बाबत मात्र सायली बरोबर आहेत. ती कोणाचीही बोली नाही, ते घाईतलं भाषांतर आहे.

जुना_खिळा
नियम बदलले की भाषा बुडते, असं इथे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम आले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले. त्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'केलें', 'गांव', 'पांच' ही रूपं एका पिढीत गेली. सुधारणा होऊ शकते.

मुद्रितशोधक
त्यात गमावलं काय, तेही लिहा. 'नांव' म्हणजे ओळख आणि 'नाव' म्हणजे होडी, आता दोन्ही 'नाव'. 'तें पडलें' हे एक झाड, 'ते पडले' हे अनेक आंबे. लेखनात दिसणारा एकवचन-अनेकवचनाचा भेद पुसला गेला.

जुना_खिळा
आणि वाचकाचं काही अडलं का? संदर्भावरून कळतंच. मग समासातला नियम का जपायचा? 'कवीने' दीर्घ, 'कविमन' ऱ्हस्व. 'नदीपात्र' दीर्घ, 'भूमिपुत्र' ऱ्हस्व, कारण संस्कृतात नदी दीर्घ आणि भूमि ऱ्हस्व. 'मंत्री' पण 'मंत्रिमंडळ', 'प्राणी' पण 'प्राणिसंग्रहालय', कारण मूळ शब्द मंत्रिन्, प्राणिन्. न् गळाला म्हणून वेलांटी दीर्घ झाली, समासात पुन्हा ऱ्हस्व. हे कोणत्या शेपटीवरून ओळखायचं?

मुद्रितशोधक
शेपटीवरून नाही ओळखता येत. हा एक नियम बदलावा, हे मला मान्य करावं लागतंय. पूर्वपद (समासातला पहिला शब्द) मराठीत जसं लिहितो तसंच समासात राहू द्यावं, 'मंत्रीमंडळ' चालावं. पण नियम बदलेपर्यंत मी 'मंत्रिमंडळ'च करणार. एका पुस्तकात दोन रूपं आली तर वाचक अडखळतो. आणि या सवलतीत 'उपहारगृह' बसत नाही. उपहार म्हणजे भेटवस्तू, खायला मिळतं ते उपाहारगृह. 'सहस्त्र' आणि 'स्त्रोत' मध्ये त कुठून येतो? सहस्र, स्रोत. साठाव्या वर्षी 'षष्ट्यब्दी', षष्टि म्हणजे साठ. षष्ठी म्हणजे सहावी. महत्त्व, तत्त्व यांत दोन त: महत् + त्व, तत् + त्व. तज्ज्ञ म्हणजे तत् जाणणारा, म्हणून ज्ज्ञ. यांतलं एकही वेलांटीचं नाही.

कपाशी
ही यादी मान्य. कारण कळलं की चूक पुन्हा होत नाही, आणि 'उद्ध्वस्त' मधला द् मी यापुढे गाळणार नाही. 'पक्षिमित्र' मात्र लिहिणार नाही.