ग्रामपंचायतीला पॅनल उभं करायचं आहे: एबी फॉर्म, छाननी आणि फुटणारे सदस्य, नेमकं कसं असते?

वऱ्हाडी_पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातलं 2,400 लोकसंख्येचं गाव आहे. 9 सदस्य, 3 प्रभाग, सरपंच थेट जनतेतून आणि आरक्षण ओबीसी महिला. गावातली पोरं आणि बचत गटाच्या बाया मिळून पॅनल करायचं ठरवून राहिले, पण कागदपत्रांचं कोणालेच धड माहीत नाही. तीन प्रश्न आहेत. जिल्हा परिषदेसारखा इथं पक्षाचा एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्ष लिहून देते तो) लागते का? छाननीत फॉर्म कशाकशानं उडते? आणि निवडून आलेला सदस्य दुसऱ्या गटात गेला तर पक्षांतर कायदा लागते का? ज्यांनी हे काम जवळून पाहिलं आहे त्यांनी सविस्तर सांगावं.

छाननी_टेबल
भाऊ, एबी फॉर्मचा विषय आधी सोडा. ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. एबी फॉर्म जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला लागतो. तुमच्या उमेदवारांना राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांमधून चिन्ह मिळेल, आणि तेही प्रत्येकाला स्वतंत्र. पॅनल ही कायद्यातली वस्तू नाही, लोकांनी आपसात बांधलेली मोट आहे. अख्ख्या पॅनलला एकच चिन्ह मिळेल असं धरून पत्रकं आधी छापू नका. माघारीची वेळ दुपारी 3 ला संपते आणि चिन्हं त्यानंतर वाटली जातात.

आता छाननी. तुमच्याकडे सगळ्यात नाजूक फॉर्म सरपंचपदाच्या उमेदवार ताईंचा आहे. जात जन्मावरून, म्हणजे वडिलांकडून धरतात. नवरा ओबीसी असल्यानं बाई ओबीसी होत नाही. त्यामुळे जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, माहेरच्या पुराव्यावर निघालेलं लागतं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात (अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961). आपल्याकडे तो बहुधा आजोबाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) सापडतो. माहेर पुसद तालुक्यात आणि सासर दारव्ह्यात असलं की चकरा तिकडे माराव्या लागतात, म्हणून हे काम कार्यक्रम जाहीर झाल्यावर हाती घ्यायचं नसतं. शिवाय दाखल्यावर माहेरचं नाव आणि मतदार यादीत सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा.

वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज दिल्याची पोच आणि हमीपत्र जोडून फॉर्म भरता येतो. निवडून आल्यावर ते सादर करायची मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा झाली. चालू आदेश तहसीलमध्ये वाचून घ्या. मुदतीत दिलं नाही तर पद जातं आणि त्यात दयामाया नाही. विदर्भात कितीतरी चांगले सरपंच केवळ यामुळे घरी बसले.

बाकी गोष्टी अशा. वय 21 पूर्ण. 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर अपात्र. मात्र एकच मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळं झालं तर ते एक धरतात. तिसरं मूल दत्तक देऊन सुटका होत नाही. ओडिशाच्या एका प्रकरणात 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं आहे. घरी शौचालय असून त्याचा वापर करतो हे लिहून द्यावं लागतं. अनामत सर्वसाधारणला 500 रुपये, राखीवला 100.

फॉर्म ऑनलाइन भरून त्याची प्रिंट सही करून तहसीलला द्यायची असते. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. डिसेंबर 2020 मध्ये सर्व्हर इतका बसला की शेवटी आयोगाला कागदी फॉर्म घ्यायची परवानगी द्यावी लागली. दरवेळी तशी सवलत मिळेल या भरवशावर राहू नका. सूचक (फॉर्मवर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा) त्याच प्रभागाच्या यादीतला घ्या, म्हणजे वादच उरत नाही. आणि महत्त्वाच्या जागेवर एक डमी फॉर्म भरून ठेवा. मुख्य फॉर्म उडाला तर जागा रिकामी जात नाही.

नमुना_आठ
वरच्या उत्तरात दोन गोष्टी राहिल्या, आणि गावात भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात.

पहिली, घरपट्टी-पाणीपट्टी. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर अपात्रता येते. फॉर्मच्या आदल्या दिवशी भरून पावती जोडली की भागलं, असा समज आहे. विरोधक बिलाची तारीख काढून आणतो. म्हणून दहाही उमेदवारांची मागणी-वसुली नोंद आत्ताच पाहा. घर सासऱ्याच्या नावावर असेल तर तसा नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घर-कर आकारणी नोंदीचा) उतारा काढून ठेवा.

दुसरी, अतिक्रमण. सरकारी जागेवर, ई-क्लासवर (सरकारी चराईच्या जमिनीवर) किंवा रस्त्यावर ओटा, गोठा, कोठा काढलेला असेल तर सदस्यत्व जाऊ शकतं. "अतिक्रमण बापाचं आहे, माझं नाही" हा बचाव आता चालत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अतिक्रमणाच्या जागेत राहणारा, तिचा वापर चालू ठेवणाराही यात येतो. ही तक्रार बहुतेक निकालानंतर होते: आधी जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्तांकडे अपील. तुमच्या पॅनलचे पाच सदस्य आले आणि त्यातला एक असा गेला, तर बहुमतही त्याच्यासोबत गेलं.

वऱ्हाडी_पऱ्हाटी
दोघांचेही आभार. आमच्या तिसऱ्या प्रभागातल्या अर्ध्या वस्तीची घरकुलं गावठाणाबाहेरच्या सरकारी जागेवर आहेत. मग तिथला एकही माणूस उभा राहू शकत नाही का?

नमुना_आठ
तसं नाही. शासनानं अतिक्रमण नियमानुकूल केलं असेल आणि पट्टा (जागेच्या हक्काचा कागद) दिला असेल, तर ती जागा अतिक्रमणाची राहत नाही. नुसतं घरकुल मंजूर झालं, कर आकारणीला नाव लागलं, एवढ्यानं जागा नियमित होत नाही. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि इथंच लोक फसतात. पट्ट्याची प्रत प्रत्येकाकडून घ्या. पट्ट्यात दिलेलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष बांधकाम टेपनं मोजा. पुढं वाढवलेला ओटाही तक्रारीत येतो. ज्यांच्याकडे पट्टा नाही, त्यांना उभं करण्याआधी विचार करा. गरीब माणसाचा कोर्टात खर्च होतो आणि गावाचं काम थांबतं, हे फार वाईट आहे.

यादी_भाग_क्रमांक
फॉर्म सांभाळले आणि यादी सोडली तर उपयोग नाही. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं नोंदवत नाही. विधानसभेची जी यादी आहे, तीच ठरलेल्या तारखेला घेऊन प्रभागवार तोडतात. म्हणून नवीन 18 वर्षांच्या पोरांचा नमुना 6, नाव वगळायला नमुना 7, दुरुस्ती आणि स्थलांतराला नमुना 8 हे सगळं त्या तारखेच्या आधी बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) व्हायला पाहिजे. (हा नमुना 8 मतदार यादीचा, वर सांगितलेला ग्रामपंचायतीचा. गोंधळ करू नका.)

प्रारूप यादी लागली की हरकतीला दिवस थोडे मिळतात. त्या टप्प्यावर नवीन नाव घुसवता येत नाही. विधानसभा यादीत असलेलं नाव सुटलं, चुकीच्या प्रभागात गेलं किंवा लिहिण्यात चूक झाली, एवढंच दुरुस्त होतं. तीनशे-चारशे मतदारांच्या प्रभागात पंधरा-वीस नावं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो. हरकत "आमच्या वार्डातली नावं गेली" अशी मोघम देऊ नका. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, घर क्रमांक, सध्याचा प्रभाग आणि खरा प्रभाग असा तक्ता करून तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. यादी घेऊन घरोघर फिरा. मेलेली माणसं, लग्न होऊन गेलेल्या पोरी, पुण्या-सुरतेला कामाला गेलेली कुटुंबं यांच्यावर वेगवेगळ्या खुणा करा. मतदान कापूस वेचणीच्या दिवसांत आलं तर मजूर बाया सकाळीच शेतात जातात, त्यांची वेळ आधी विचारून ठेवा.

बाजार_समिती_वाला
तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण पक्षाचं खरं काम इथं दिसते. पक्षांतराचा 1986 चा राज्याचा कायदा जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका यांना आहे. तिथं पक्ष किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवलेली आघाडी असते, व्हीप (मत कोणाला द्यायचं याचा पक्षादेश) काढता येतो. ग्रामपंचायतीत पक्षच नाही, तर पक्षांतर कुठलं? सदस्य सकाळी तुमच्याकडे आणि संध्याकाळी समोरच्या गटात गेला तरी त्याचं पद शाबूत. निकालाच्या रात्री टीव्हीवर कोणत्या पक्षाच्या किती ग्रामपंचायती आल्या ते दाखवतात, पण अधिकृत निकालात पक्षाचा रकाना नसतो. ते आकडे पक्षांनीच सांगितलेले असतात, म्हणून एकाच गावावर दोन पक्ष दावा करतात.

मग पक्ष इतका जीव काऊन टाकतात? बाजार समितीच्या 18 संचालकांत 11 सेवा सोसायट्यांच्या मतदारसंघातून आणि 4 ग्रामपंचायत सदस्यांच्या मतदारसंघातून येतात. तुमचे 9 सदस्य म्हणजे तिथली मतं. त्यातच पुढच्या जिल्हा परिषद गटाला, विधानसभेला गावात बूथ सांभाळणारी माणसं कोण, हे इथंच ठरतं. म्हणून निकालानंतर आठ दिवसांत नेत्याचा निरोप येतो आणि उपसरपंच निवडीआधी सदस्यांना गावाबाहेर नेऊन ठेवतात.

थेट सरपंचामुळे गणित आणखी वेगळं झालं. ही पद्धत 2017 ला आली, 2020 ला रद्द झाली, 2022 ला परत आली. सरपंच तुमची आणि 9 पैकी 6 सदस्य समोरच्यांचे, असं होऊ शकते. पैसे काढायला सही सरपंच आणि ग्रामसेवकाची (आता पद ग्रामपंचायत अधिकारी), पण मासिक सभेत ठराव बहुमतानं. मग गटार कुठून काढायची यावरच सहा-सहा महिने जातात. अशा सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव करूनही ग्रामसभेत गुप्त मतदानानं तो मंजूर व्हावा लागतो. म्हणून सरपंचाच्या उमेदवारावर सगळा जोर लावून सदस्यांच्या जागा "कोणीही टाकू" असं करू नका.

आणि गावात कोणी "मंदिराला इतके द्या, बिनविरोध करू" म्हणालं तर सरळ नकार द्या. जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक अशा लिलावापायी आयोगानं रद्दच केली होती.

वैनगंगा_काठ
हे वाचून गडचिरोलीकडचे लोक गोंधळतील म्हणून लिहितो. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथं), म्हणजे गडचिरोलीचा मोठा भाग, मेळघाट, जिवती-कोरपना, यवतमाळमध्ये केळापूर-घाटंजीकडची ठरावीक गावं, तिथं सरपंचपद अनुसूचित जमातीलाच राखीव असतं. त्या भागात टोल्याची-पाड्याची स्वतःची ग्रामसभा असते आणि कामाचे बरेच निर्णय तिच्याकडे आहेत. मतदानाची वेळही पाहून घ्या. गडचिरोली आणि गोंदियात सुरक्षेमुळे ते बऱ्याचदा दुपारी 3 ला संपवतात, इतर ठिकाणी साडेपाच.

छाननी_टेबल
मतदानाचं एक सांगायचं राहिलं. तुमच्या गावात 3 सदस्यांचा प्रभाग, म्हणजे एका मतदाराला 3 अधिक सरपंचाचं 1 अशी 4 बटणं दाबायची आहेत. मतपत्रिकेचे रंग वेगळे असतात: सरपंच फिका निळा, अनुसूचित जाती फिका गुलाबी, जमाती फिका हिरवा, ओबीसी फिका पिवळा, सर्वसाधारण पांढरा. चारही मतं झाल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही. म्हातारी माणसं एक बटण दाबून निघतात, मग आत गोंधळ होतो. कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं, पण बटण दाबायचंच. चिठ्ठी मिळणारी व्हीव्हीपॅट इथं नसते, त्यामुळे आवाजाकडेच लक्ष ठेवायला सांगा. बचत गटाच्या बायांनी जाड कागदावर चार रंगांचे पट्टे चिकटवून, खऱ्या चिन्हांसह, घरोघरी दाखवलं तर मतं वाया जात नाहीत.

खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडा. 2022 च्या निवडणुकांत 7 ते 9 सदस्यांच्या गावाला सरपंचासाठी 50,000 आणि सदस्यासाठी 25,000 अशी मर्यादा होती. निकालापासून 30 दिवसांत हिशोब शपथपत्रासह द्यायचा. पडलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीसुद्धा. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. पडलेला माणूस वैतागून घरी बसतो आणि पुढच्या वेळी छाननीत त्याचा फॉर्म याच कारणानं उडतो. तुमच्या दहाही जणांचा हिशोब एकाच माणसाकडे द्या, चहा-नाश्त्याची आणि गाडीच्या डिझेलची पावती रोजच्या रोज त्याच्याकडे जमा करा, आणि सगळ्यांच्या पोच एकाच फाइलीत लावा.