१९६५ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, महापुराचे पाणी आणि हेरल्डचे इंजिन : गाडी घ्यावी का?

अजिंक्यतारा (सातारा) :

सर्वांना नमस्कार. साताऱ्यात माझा छोटा छापखाना आहे. गाड्यांचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, मात्र वडिलांकडे १९७० सालची स्टँडर्ड हेरल्ड होती आणि तिच्या चाकांशी बसूनच मी पाना धरायला शिकलो. म्हणून पुढील प्रश्न थोड्या अधिकाराने आणि बऱ्याच काळजीने विचारत आहे.

सांगलीत खणभागातील एका घराच्या मागच्या शेडमध्ये १९६५ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क २, उभी आहे. मिरजेत दवाखाना असलेल्या एका डॉक्टरांनी ती १९६७ साली इंग्लंडहून परतताना बोटीने मुंबईत आणली आणि पुढे वीसेक वर्षे सांगली-मिरज रस्त्यावर रोज चालवली. २०११ साली डॉक्टर वारले. त्यांचे चिरंजीव पुण्यात असतात. घर विकायचे ठरल्यामुळे गाडीही द्यायची आहे. त्यांनी साडेसहा लाख रुपये सांगितले आहेत. रंग फिका निळा, हूडचे कापड गेलेले, पण लोखंडी सांगाडा शाबूत, आणि पुढून उघडणारे ते अख्खे बॉनेट आजही एका हाताने उचलले जाते.

माझ्या शंका अशा आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी आठवडाभर पाण्यात होती आणि पाणी स्टिअरिंगपर्यंत चढले होते, असे घरच्यांनी स्वतःहून सांगितले. दुसरे म्हणजे गाडीत बसवलेले इंजिन मूळचे नाही. आरसी बुकावर एफसी अक्षरांनी सुरू होणारा इंजिन नंबर आहे आणि ब्लॉकवर वेगळाच. १९८४ च्या सुमारास मूळ इंजिनातून क्लच दाबताच खडखड येऊ लागली, फिटरने हात टेकले आणि स्टँडर्ड हेरल्डचे ९४८ सीसी इंजिन बसवले गेले, अशी हकिगत आहे. तिसरे, आरसीची मुदत २००९ सालीच संपलेली असून ती अद्याप डॉक्टरांच्याच नावावर आहे. एवढे सगळे असताना ही गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल का, आणि घेतली तर कामाला कोठून सुरुवात करावी?

कृष्णाकाठ (सांगली) :

दादा, २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि माझी प्रीमियर पद्मिनी त्याच पाण्यात होती, त्यामुळे मी अनुभवाने लिहितो. पुरात बुडालेल्या गाडीचे खरे नुकसान पाण्याने होते त्यापेक्षा पाणी ओसरल्यानंतर आत राहिलेल्या गाळाने होते. कृष्णेचा तो बारीक काळा गाळ पत्र्याच्या बंद पोकळ्यांत जाऊन बसतो, वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो आणि बाहेरचा रंग तुकतुकीत दिसत असताना पत्रा आतून खाऊन टाकतो. माझ्या गाडीच्या दाराखालची पट्टी मी दीड वर्षाने कापली, तेव्हा आतून ओंजळभर माती निघाली आणि ती त्या दिवशीही ओलसर होती.

स्पिटफायरच्या बाबतीत ही गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि हेरल्डची सवय असलेल्या माणसाची येथेच फसगत होऊ शकते. दोन्ही गाड्यांना स्वतंत्र चेसिस आहे, दोन्हींचे रेखाटन जोव्हानी मिकेलोत्ती यांचे आहे, आणि स्पिटफायरची चेसिस हेरल्डच्याच चेसिसवरून आखूड करून घेतलेली आहे. परंतु हेरल्डच्या चेसिसला दोन्ही बाजूंना जो आधार असतो, तो स्पिटफायरमध्ये काढून टाकलेला आहे आणि तो भार दाराखालच्या सिलवर, म्हणजे बॉडीच्या पत्र्याच्या पेटीवर, टाकलेला आहे. डोक्यावर छत नसलेल्या या गाडीत सिल कुजले की बॉडी मध्ये खचते. शिवाय मागच्या चाकांना जागेवर धरणारे रेडियस आर्म चेसिसला न बसता सीटच्या मागे बॉडीच्या पत्र्यालाच बसतात. तो पत्रा सडला तर मागचे चाक सरळ राहीलच असे सांगता येत नाही.

पाहायला जाल तेव्हा एक लहान चुंबक आणि एक जॅक बरोबर न्या. सिलवर चुंबक चिकटला नाही तर तेथे पुट्टी भरलेली आहे असे समजावे. त्यानंतर दार बंद करून दार आणि मागच्या पत्र्यातील फट पाहा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर बॉडी खचलेली आहे. मग पुढच्या चाकामागे जॅक लावून गाडी किंचित उचला आणि दार उघडून पाहा. दार अडकले तर सिलमध्ये जीव उरलेला नाही. ही परीक्षा होईपर्यंत किमतीवर एक शब्दही बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि कृपा करून, कोणी कितीही आग्रह केला तरी, इंजिन चालू करून पाहू नका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधील ऑइल आधी काढा; ते दुधासारखे पांढरट निघाले तर आत पाणी गेले आहे हे उघड आहे.

उद्यमनगर (कोल्हापूर) :

कृष्णाकाठ यांनी पत्र्याचे सांगितले ते अगदी बरोबर आहे. मी चाळीस वर्षे लेथवर आणि इंजिन बोअरिंगच्या कामावर घालवली आहेत, म्हणून इंजिनाविषयी लिहितो.

क्लच दाबताच खडखड, ही तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आहे. या घराण्यातील इंजिनांचा तो जुना रोग आहे. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात. क्लच दाबला की क्रँकवर पुढच्या दिशेने जोर येतो आणि तो सगळा त्यांच्यावर पडतो. वाहतुकीत क्लचवर पाय ठेवून बसण्याची सवय असेल तर ते झिजतात आणि अखेर निखळून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पात्रात, पडतात. मग क्रँक थेट ब्लॉकवर घासते. वेळीच कळले तर संप उतरवून, इंजिन जागेवर ठेवूनच, नवे वॉशर घालता येतात. पण त्या काळच्या फिटरला हे माहीत नसेल तर त्याने हात टेकणे स्वाभाविक आहे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे : ते मूळ इंजिन कोठे गेले? डॉक्टरांसारखी माणसे सहसा काही टाकून देत नाहीत. शेडचा पोटमाळा, जुनी पोती, लाकडी खोकी, सगळे पाहा. एफसी अक्षरांचा ब्लॉक सापडला तर तो फुटका नाही एवढेच पाहून घ्या. ब्लॉकची घासलेली बाजू मशीनवर साफ करून जाड मापाचे वॉशर बसवता येतात, गंजलेल्या सिलिंडरचे बोअरिंग होते आणि वेळ पडल्यास लायनर घालता येतात. हेरल्डचे ९४८ सीसी आणि स्पिटफायरचे ११४७ सीसी या दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७६ मिलिमीटरच आहे. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, आहे, ६३ आणि ६९.३ मिलिमीटर. तरीही गाडीचा स्वभाव त्या फरकाने पुरता बदलतो. मार्क २ ला दोन एसयू कार्बोरेटर आणि ६७ अश्वशक्ती होती, आणि हेरल्डचे इंजिन घातलेली स्पिटफायर ही दिसायला धावपटू असली तरी चालायला हेरल्डच राहते.

हेड उतरेलच, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी कठीण धातूच्या सीट बसवून घ्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे आणि हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी घडवलेले आहे.

वकीलवाडा (मिरज) :

गाडी मी पाहिलेली नाही, पण कागदांविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण इंजिनाचा प्रश्न आणि कागदांचा प्रश्न येथे एकच आहे.

मूळ मालक हयात नसल्यामुळे त्यांची सही कोणीही करू शकत नाही आणि कोणी तशी सही केलेले कागद देऊ केले तर ते घेऊ नयेत. आधी वारसाच्या नावावर नमुना ३१ प्रमाणे हस्तांतर व्हावे, त्यानंतर वारसाकडून तुमच्याकडे नमुना २९ आणि ३० प्रमाणे. इतर वारस असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी. मुदत संपलेल्या नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते आणि तेथे चेसिस व इंजिन नंबर पाहिले जातात. नंबर जुळत नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे वाहनात केलेल्या बदलाचा, प्रश्न उपस्थित होतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी तरतूद झाली. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो; नव्याने नोंदणी करायची असल्यास शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणीची मुदत १० वर्षे आहे. मात्र गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. हेरल्डचे इंजिन तेथेच आडवे येते. दुसरी बाजूही विचारात घ्या : विंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला दर रविवारी कासच्या पठारापर्यंत जायचे असेल तर साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत नेणेच योग्य.

सह्याद्रीवळणे (वाई) :

माझ्याकडे काही वर्षे मार्क ३ होती. दोनच गोष्टी सांगतो, कारण दोन्ही जिवाशी संबंधित आहेत.

पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन, म्हणजे ज्या आट्यांच्या सांध्यावर चाक वळते ते, ग्रीसवर नव्हे तर नव्वद नंबरच्या गिअर ऑइलवर चालतात. ग्रीस आतील आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तेथे पाणी साठते, त्यात बसणारा उभा लिंक, म्हणजे चाक धरणारा दांडा, आतून गंजतो आणि एके दिवशी चाक वळवताना तुटून चाक आडवे पडते. आपल्याकडे ग्रीस निप्पल दिसला की ग्रीस मारायचे, ही सर्व्हिसिंगची पद्धत झाली आहे. सात दिवस पाण्यात राहिलेल्या गाडीचे दोन्ही ट्रनियन आणि दोन्ही उभे लिंक न तपासता, सरळ नवे मागवून बदला. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात, म्हणून बाजू पाहूनच बसवा.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. मार्क ३ पर्यंत साधा स्विंग अॅक्सल, म्हणजे चाकासकट वर-खाली झुलणारा अर्धा अॅक्सल, आणि आडवा पाटा (स्प्रिंग) आहे. यवतेश्वरच्या घाटात वेगात वळण घेऊन मध्येच अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर बाहेरचे मागचे चाक गाडीखाली दुमडते आणि शेपूट फिरते. वेग वळणाआधी कमी करावा आणि वळणातून हलका अॅक्सिलरेटर देत बाहेर पडावे. कंपनीने १९७० च्या मार्क ४ मध्ये पाट्याची रचना बदलून हा दोष बराच कमी केला. तुमच्या गाडीला ती सोय नाही.

अजिंक्यतारा (सातारा) :

रविवारी सांगलीला जाऊन आलो. आपणा सर्वांचे आभार मानण्याआधी जे दिसले ते लिहितो.

डाव्या सिलवर चुंबक कोठेच धरला नाही. जॅक लावताच डावे दार अडकले, उजवे मात्र सुटे राहिले. रेडियस आर्मच्या जागेचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिला. उजवीकडे घट्ट आहे, डावीकडे मऊ. गिअरबॉक्समधून चहासारखे ऑइल निघाले, तर डिफरन्शियलमधील आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ होते.

पोटमाळ्यावर दोन गोणपाटांत इंजिन मिळाले. ब्लॉकवर एफसी अक्षरे आहेत आणि पुढचा आकडा आरसीशी तंतोतंत जुळतो. पोटमाळ्यापर्यंत पुराचे पाणी पोहोचलेच नव्हते. मागच्या बेअरिंगपाशी ब्लॉक गोल घासलेला दिसतो आणि तेथे वॉशर नाहीत. तेथेच एका डब्यात दोन्ही कार्बोरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. कागदावरची तारीख मार्च १९८४ ची आहे. डॉक्टरांच्या पत्नी आता ८३ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘त्यांना ते पुन्हा बसवायचे होते.’ त्यांच्यासमोर किमतीची घासाघीस करणे मला जमले नाही. चिरंजीवांना मात्र फोनवर डाव्या सिलची स्थिती जशी आहे तशी सांगितली, आणि त्यांनीच आकडा पाच लाखांवर आणला. नमुना ३१ चा अर्ज ते या आठवड्यात करणार आहेत आणि तो मंजूर झाल्यावरच पैसे द्यायचे ठरले आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. सिलचे काम बॉडी चेसिसवरून उतरवून करावे की तशीच ठेवून? आणि गाडी साताऱ्याला कशी आणावी? एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने दोर लावून ओढत आणण्याची तयारी दाखवली आहे.

उद्यमनगर (कोल्हापूर) :

अभिनंदन. ब्लॉक मिळाला यासारखे सुख नाही; तो आणि क्रँक माझ्याकडे घेऊन या, मापे घेऊन काय लागेल ते सांगतो.

सिल कापताना बॉडी चेसिसवर बोल्टने घट्ट बसवलेलीच असू द्या, आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर जुने सिल निघताक्षणी चौकट मिटते आणि मग कोणतेच दार कधीच बसत नाही. एका वेळी एकच बाजू घ्यावी. नवे सिल आणि ट्रनियन इंग्लंडहून मागवा. या गाड्या १९६२ ते १९८० मध्ये तीन लाखांहून अधिक बनल्यामुळे तेथे जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. पाट्याचे बुश, सायलेन्सर, रेडिएटर ही कामे आपल्याकडे चांगली होतात, पण उभे लिंक स्थानिक लेथवर करून घेऊ नका. मी स्वतः लेथवाला असून हे सांगतो. नट-बोल्ट सगळे इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाला १३ चा पाना चालवला की कोपरे गोल होतात. बॅटरीचे धन टोक या गाडीत बॉडीला जोडलेले असते, हे इलेक्ट्रिशियनला काम सुरू करण्याआधी सांगा. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात फुगते.

दोर लावून मुळीच आणू नका. त्या ट्रनियनवर सांगली ते पेठ नाका आणि पुढे महामार्गाने सातारा, एवढे अंतर ही गाडी स्वतःच्या चाकांवर फिरता कामा नये. सपाट पाट्याचा ट्रेलर मागवा, गाडी ढकलत न चढवता विंचने चढवा, आणि पट्टे चाकांना बांधा.