पलटणीतून घरी आल्यावर

शिपाई पेन्शनवर येतो तेव्हा त्याच्याबरोबर शाळेत असलेल्यांची निम्मी नोकरीही झालेली नसते. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, त्यामुळे अनेक जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात आणि सुभेदारीपर्यंत पोहोचलेला माणूसही पन्नाशीच्या आसपास गणवेश उतरवतो. लढायांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. घरी आल्यानंतरच्या वर्षांविषयी मात्र आपण आपसांतही फारसे बोलत नाही. त्या वर्षांचे अनुभव येथे लिहावेत, अशी सर्व माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विनंती आहे. सुरुवात मी करतो.

नायब सुभेदार (निवृत्त), सातारा जिल्हा

१९८४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झालो आणि २०१२ साली पेन्शनवर आलो. या २८ वर्षांत घर मला सुट्टीपुरतेच ठाऊक होते. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक, तीही हाती पडेल तेव्हा. मी आलो की घरात सण असे. कायमचा आलो तेव्हाही पहिले दोन महिने तसेच गेले, आणि ते संपत आल्यावर एका सकाळी आईने सवयीने पेटीतून द्यायच्या लाडवांसाठी बेसन भाजायला घेतले. पत्नीने आठवण करून दिल्यावर ती कढई उतरवून नुसती बसून राहिली. या घराने माझ्याशिवाय चालण्याची घडी बसवली आहे, हे मला त्या दिवशी कळले. बांधाचा वाद पत्नीने सरकारी मोजणी आणून मिटवला होता, मुलीची शाळा तिने ठरवली होती, सोसायटीचे कर्जही तिनेच फेडले होते. मी मात्र आल्या आल्या प्रत्येक गोष्टीत हुकूम देऊ लागलो होतो. मी बोलायला लागलो की मुले उठून जाऊ लागली, तेव्हा थांबलो. त्यानंतरचे वर्षभर घरातली आणि शेतातली कामे मी तिच्याकडून शिकलो, आणि हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही.

नौसैनिक (निवृत्त), सोलापूर जिल्हा

पंधरा वर्षे पुरी करून मी २००० साली बाहेर पडलो. त्यातली काही वर्षे ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये गेली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते जहाज सेवेतून निवृत्त झाले, त्या दिवशी राहते घर मोडल्यासारखे वाटले होते. वाफेवर चालणाऱ्या जहाजावरचा माणूस साखर कारखान्याला उपयोगी पडतो, कारण तिथेही बॉयलर, वाफ आणि टर्बाइन यांच्याशीच गाठ असते. पण नौदलातला अनुभव कागदावर कोणी धरेना. शेवटी बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलांबरोबर बसलो आणि त्यानंतर वीस गळीत हंगाम काढले. आज सेवेत असलेल्या मुलांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, नागरी प्रमाणपत्रांचे काम शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

हवालदार (निवृत्त), सांगली जिल्हा

सियाचीनला आम्ही एका दोराला बांधून चालत असू, म्हणजे बर्फाच्या भेगेत एक जण गेला तर बाकीच्यांना त्याला धरून ठेवता येईल. एकदा दोर धरता आला. एकदा नाही आला. त्या दुसऱ्या वेळच्या सोबत्याच्या आईला मी दर दिवाळीला फोन करतो. त्या आता माझ्या मुलांची नावे घेऊन चौकशी करतात. शेतीची वीज रात्री येते तेव्हा उसाला पाणी पाजायला मीच जातो. पहाऱ्याची सवय असल्यामुळे जागरणाचे काही वाटत नाही, पण थंडीत पाण्यात हात गेला की डाव्या हाताची दोन बोटे अजून बधिर होतात.

सैन्य परिचर्या सेवेतील निवृत्त अधिकारी, पुणे

हवालदार साहेब, त्या बोटांची तपासणी ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात जरूर करून घ्या. मी निवृत्तीनंतर खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातल्या जवानांना भेटायला जाते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले. त्यांची हकिगत सांगितली की कमरेखालची संवेदना गेलेला मुलगा निदान पोहण्याच्या तलावाविषयी विचारू लागतो.

माजी सैनिकाची पत्नी, रत्नागिरी जिल्हा

यजमान २०१९ साली गेले. लग्नात माझे नाव बदलले होते, पण यजमानांनी पलटणीत माझे माहेरचेच नाव नोंदवले होते, आणि आधार, बँक व रेशनकार्डावर सासरचे नाव होते. तेवढ्या कारणाने कुटुंब निवृत्तिवेतन चौदा महिने अडले. प्रतिज्ञापत्र केले, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, आणि प्रत्येक वेळी एक कागद कमी असल्याचे कळवले गेले. नवऱ्याने जिवंतपणी अर्ज केला असता तर हेच काम किती सोपे झाले असते! मंगळसूत्र उतरवल्यानंतर, मी त्यांची पत्नी आहे हे अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागले, याचे दुःख पैशाच्या अडचणीहून मोठे होते. येथे लिहिणाऱ्या प्रत्येक भावाला माझी हात जोडून विनंती आहे की, पीपीओवरचे, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावरचे, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळते का, ते आजच पाहा.

नायब सुभेदार (निवृत्त), सातारा जिल्हा

ताई, आपले लिहिणे वाचून रात्रीच पेटीतली कागदपत्रे काढली. आमच्या पीपीओवरही पत्नीचे माहेरचेच नाव आहे. सोमवारी आम्ही दोघेही साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जात आहोत.