पोयनाडकडची भातशेतं गेली कुठे?

भटक्या_पनवेलकर

पनवेलहून अलिबागला मी कॉलेजात असल्यापासून जातोय. आधी लाल डब्यातून, आता स्कूटरवर. वडखळ सोडलं, धरमतरचा पूल ओलांडला की पावसाळ्यात पोयनाडपर्यंत भातच भात दिसायचं. बसची खिडकी बंद होत नसे, मांडी भिजायची, पण तक्रार नव्हती.

परवा श्रावणात पेझारीच्या अलीकडून खाडीकडे जाणाऱ्या एका रस्त्याला मुद्दाम आत वळलो. भात होतं, पण तुकड्यातुकड्यांत. पुढे तर नुसती तिवरं, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी खारफुटी, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. गंमत म्हणजे जुने बांध अजून ओळखू येतात. शेताचे चौकोन तसेच आहेत, फक्त चौकोनात भाताऐवजी चिखल, तिवरं आणि खेकड्यांची बिळं. उलट मोठ्या रस्त्याच्या कडेला चांगली कोरडी शेतं पडीक, आणि त्यात ‘एनए प्लॉट’चे फलक.

परवडत नाही म्हणून शेती सोडली हे समजू शकतो. पण मग गवत माजायला हवं, तिवरं कशी आली? कुणी लावली का? आणि खरं सांगतो, ते रान दिसायला फार देखणं होतं. वाईट वाटून घ्यायचं की नाही, तेच कळेना. तिकडचं कुणी आहे का इथे?

खारेपाटातली_सून

आहे की. दादा, तिवरं कुणी लावत नाही. खाडी घेऊन येते.

तुम्ही पाहिलीत ती शेतं डोंगराकडच्या खाचरांसारखी नाहीत. ही जमीन खाडीकडून मागे घेतलेली. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच उभं असतं. मध्ये असतो तो फक्त बाहेरकाठा, म्हणजे खाडीच्या अंगाचा बांध. त्यात उघाडी बसवलेली असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची झापं उघडतात आणि पावसाचं पाणी निघून जातं. भरती चढली की तीच झापं मिटतात. एवढ्यावर सगळं भात उभं.

जमीन मुळात खारी. उन्हाळ्यात भेगा पडतात, वर मिठाचा पांढरा थर येतो. पहिल्या पावसांनी तो धुऊन नेला की मगच बी. आमच्याकडे लावणीपेक्षा रहू जास्त, म्हणजे मोड आणलेलं बी चिखलावर फेकायचं. हल्ली पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या जाती पेरतात, ‘पनवेल ३’ वगैरे. त्या खारेपणा सोसतात, पण त्यालाही मर्यादा आहे. उभ्या भातात खाडी शिरली की कुठलीच जात कामाची नाही.

सासरे सांगतात, पूर्वी बाहेरकाठा गावच राखायचं. त्याला जोळ म्हणत. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, अशी हाळी आली की ज्याची जमीन त्याच्या घरचा माणूस घमेलं घेऊन बांधावर, मग रात्र असो की पाऊस. १९४८ चा खारभूमी कायदा आला, मग १९७९ चा, आणि बांध सरकारी झाले. सुरुवातीला बरं वाटलं असणार, फुकट माती कोण वाहील! पण गावाची सवय मोडली ती मोडलीच. आता खांड पडते जुलैच्या उधाणात, मग अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा. तोवर पुढचा पावसाळा येतो, खांड रुंदावते. रोज दोनदा खारं पाणी आत-बाहेर करतं, त्याबरोबर तिवराचं बी येतं आणि चिखलात धरतं. दोन-तीन वर्षांत कमरेएवढं रान.

आमचा मोठा तुकडा असाच गेला. सातबाऱ्यावर नाव आमचंच आहे. तिथे जायचं तर होडी लागते.

कांदळवन_प्रेमी

ताई, तुमचं दुःख समजतं, पण तिवरं तोडू देऊ नयेत असंच माझं मत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, कांदळवनाभोवतीच्या, म्हणजे तिवरांच्या रानाभोवतीच्या, ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामही नाही. ती बंदी नसती तर मुंबईच्या आसपास एक तिवर शिल्लक राहिलं नसतं. मासळीची पिल्लं वाढतात ती याच मुळांत.

खारेपाटातली_सून

तोडा कोण म्हणतंय? बाहेरकाठ्याच्या बाहेरची तिवरं आम्हालाही हवीत, लाटांचा मार तीच खातात. मी बोलतेय बांधाच्या आतल्यांबद्दल. खांड वेळेत बुजवली असती तर ती आलीच नसती. आता आली म्हणून आमचं शेत ‘जंगल’, आणि बांध दुरुस्त करायलाही परवानगीची वेगळी फेरी. दिरंगाई एकाची, शिक्षा दुसऱ्याला.

दिवाडीचा_नातू

गोव्यात आमच्या खाजनांची, म्हणजे बांध घालून खाडीकडून घेतलेल्या शेतांची, हीच कथा, फक्त उघाडीला आम्ही मानस म्हणतो. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. ठेकेदाराला भाताशी काय देणंघेणं? खारं पाणी जास्त आत घेतलं की मासळी जास्त. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांचं काम कोमुनिदादीकडून, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनमालक संस्थेकडून, कुळांच्या संघटनांकडे आलं. काही संघटना जाग्या आहेत, काही लिलावापुरत्या. आजी कोरगुट तांदळाची पेज करायची. खाऱ्या खाजनातला जाड, लालसर तांदूळ. आता शोधावा लागतो.

सातबारा_उतारा

सगळं खरं, पण मजुरी आणि बियाणं धरून हिशेब मांडा, मग बोला. आमच्याकडे एकच पीक. हेटवणे धरण पेण तालुक्यात, पाणी नवी मुंबईला. उन्हाळी भात कशावर करायचं?

याच पट्ट्यात १९३३ ला चरीचा संप झाला. नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी खोतांच्या जमिनी कसणं बंद केलं, १९३९ पर्यंत. तेव्हा जमीन ओस ठेवली ती जमिनीवरच्या हक्कासाठी. आता माझा चुलतभाऊ ओस ठेवतो, कारण पडीक दिसली की दलालाचा फोन येतो. पनवेलकर, तुम्हाला रस्त्यालगत फलक आणि आत तिवरं दिसली, त्याचाही एकमेकांशी संबंध आहे. तिवर उगवलं की दलाल फिरकत नाही. म्हणून बाजूच्या शेतात खारं पाणी शिरलेलं दिसलं की पुढचे लोक घाईने विकून टाकतात. बांध फुटतो एका ठिकाणी, जमीन जाते दोन्हीकडून.

भटक्या_पनवेलकर

ही घाईची बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. मला वाटत होतं, फलकवाले आणि तिवरं या दोन वेगळ्या गोष्टी. ताई, एखाद्या धड बाहेरकाठ्यावर चालता येईल का? कधी यावं? आणि जिताडा मासा मिळेल का, असं विचारलं तर रागावू नका.

खारेपाटातली_सून

अमावास्या किंवा पौर्णिमा बघून या. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते, अकरालाच बांधावर उभे राहा. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भात, आणि खाडी वर. बूट घालून येऊ नका, परत नेता येणार नाहीत. जिताड्यासाठी दोन दिवस आधी सांगा. तळ्यात आहेत, पण पाहुणा आला म्हणून जाळ्यात येत नाहीत.