भरलेल्या होडीला २.३३ चा गिअर की कमी पिचचा पंखा?

तांडेल_देवबाग: १८ फुटी फायबरच्या होडीतून रोज आठ-दहा पर्यटक न्यायचे असतील, तर ६० एचपीची मर्क्युरी फोर-स्ट्रोक घेताना साधा १.८३ रेशो (पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) घेऊच नका, कमांड थ्रस्टचा, म्हणजे मोठ्या गिअरकेसच्या (पाण्यातला गिअरचा भाग) मॉडेलचा, २.३३ घ्या. १.८३ वर १३ पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढे जाईल ते अंतर, इंचात) लावून भरली होडी फुल थ्रॉटलला ५१०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अडकत असेल, तर इंजिन दमतंय. त्याची हद्द ५५०० ते ६००० आहे. त्याखाली रोज रेटलं की उष्णता वाढते, कार्बन धरतो, पेट्रोल जास्त जातं.

खाडीवाला: एवढ्यासाठी महागडं इंजिन कशाला? पिच एक इंच उतरवला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. १३ चा काढून ११ चा लावा, काटा ५५०० ला टेकेल. हिशेबच मांडा ना: आरपीएम गुणिले पिच, त्याला भागा रेशो गुणिले १२१५ ने, म्हणजे स्लिप (पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा वेग) न धरता नॉट्स मिळतात. ५५०० ला १.८३ वर ११ पिच घ्या नाहीतर २.३३ वर १४ पिच, उत्तर दोन्हीकडे २७.२ च. नुसत्या रेशोने जोर वाढत नाही.

तांडेल_देवबाग: हिशेब बरोबर, पण त्यात पंख्याचा घेर कुठे आहे? ५५०० ला १.८३ चा पंखा मिनिटाला ३००५ फेरे घेतो, २.३३ चा २३६०. फेरे कमी म्हणून १४ इंची पंखा चालतो, आणि मोठ्या गिअरकेसखाली तो मावतोही. साडेअकरा इंची पंख्यापेक्षा त्याची चकती जवळपास दीडपट भरते. भरल्या होडीला १७ नॉट्स मिळत असतील तर २७.२ च्या हिशेबाने स्लिप ३७ टक्के झाली. छोटा पंखा तिथे पाणी नुसतं घुसळतो. शिवाय ११ पिचवर रिकामी होडी परत आणताना काटा ६००० ओलांडतो, त्याचं काय?

खाडीवाला: टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) लावा आणि थ्रॉटल मागे घ्या, एवढंच. मोठं गिअरकेस पाण्यात ओढही जास्त धरतं. हलकी होडी २५ नॉट्सच्या वर पळवायची असेल तर १.८३ च बरा.

ओबीएम_मिस्त्री: पैसे घालण्याआधी तपासा हो. ५१०० वर अडकण्याचं कारण पंखाच असेल असं नाही. इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण पुढे ढकला आणि थ्रॉटल शेवटच्या स्टॉपला टेकतो का बघा. केबल सैल असेल तर तिथेच आरपीएम जातात. मग होडीचा तळ खरवडून घ्या. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा जरा वर हवी. खूप खाली असेल तर ओढ वाढते, खूप वर असेल तर वळताना पंखा हवा खातो. आरपीएम चढतात पण होडी उचलत नाही, असं असेल तर बुश (पंख्याच्या आतला रबरी भाग) घसरतंय. बुशवर आणि बाहेरच्या बॉसवर (पंख्याचा मधला गोल भाग) सलग रेघ मारा, भरून एक फेरी मारा, रेघ तुटली की कळलंच. हे सगळं झाल्यावर नेहमीच्या भाराने, जीपीएसवर, भरतीच्या बाजूने आणि उलट असे दोन्हीकडचे आकडे घ्या.

तांडेल_देवबाग: मिस्त्री, तपासणी पटली. पण नवीन इंजिन घेणाऱ्याला माझा सल्ला २.३३ च. पंखा कधीही बदलता येतो, गिअरकेस तितक्या सहज नाही.

खाडीवाला: आणि इंजिन आधीच बसलेलं आहे त्याने आधी ११ चा पंखा उसना आणून चालवून बघावा.