दाराच्या साईड बीडिंगखालची डबल टेप रंग न उखडता कशी काढायची?

कृष्णाकाठ (सांगली)

पांढरी हॅचबॅक आहे, २०१७ ची. चारही दारांना नंतर लावून घेतलेली काळी साईड बीडिंग (दारावर आडवी चिकटवलेली पट्टी) आहे. मागच्या डाव्या दाराची बीडिंग पुढच्या टोकाला सुटून फडफडते, बाकी तीन अजून घट्ट आहेत. चारही काढायच्या आहेत, परत लावायच्या नाहीत.

टेप काळ्या फोमची, साधारण १ मिमी जाड. सुटलेल्या टोकाला अर्धा फोम बीडिंगवर आणि अर्धा पत्र्यावर राहिलाय. नखाने खरवडला तर चुरा होतो, निघत नाही. मागचं डावं दार डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे, बाकीच्या तीन दारांचा रंग कंपनीचा.

गॅरेजमध्ये विचारलं तर "थिनर मारतो, पाच मिनिटांत निघेल" असं सांगितलं. थिनर चालेल का? हेअर ड्रायर पुरेल की हीट गन लागेल? आणि राहिलेला चिकटा कशाने काढायचा? खोबरेल, रॉकेल, पेट्रोल, जो तो वेगळं सांगतो.

मिरज_डिटेलिंग

थिनर नको. रंगवलेल्या दाराला तर अजिबातच नको. हीट गनही नको, ड्रायर पुरतो.

या टेपचा फोमच ॲक्रिलिकचा असतो, नुसता वरचा गम नाही. लावल्यापासून ७२ तासांत ती पूर्ण पकड घेते आणि मग ऊन-पावसाला दाद देत नाही. पण तिचा एक गुण आपल्या कामाचा आहे. झटका दिला की ती घट्ट धरते, हळू आणि सलग ओढलं की सोडते. त्यामुळे बीडिंगला हिसका द्यायचाच नाही. हिसक्याने टेप सुटायच्या आधी पत्रा ओढला जातो, आणि खाली कच्चा रंग असेल तर तो टेपबरोबर सोलून येतो.

आधी गाडी शाम्पूने धुवा आणि बीडिंगच्या वरच्या कडेच्या फटीत मऊ ब्रश फिरवा. त्या फटीत धूळ बसलेली असते, गळीत हंगामात कारखान्याची काजळीही. ती न काढता टेप कापायचा दोरा (तो पुढे सांगतो) ओढलात तर दोरा धुळीचे कण रंगावर घासत नेतो आणि बीडिंगभर आडव्या रेघा पडतात. टेप काढताना पडणारे बहुतेक ओरखडे याच कारणाने पडतात.

मग सुटलेल्या टोकाखाली मोबाईलचा टॉर्च मारून बघा. काही बीडिंगना जागा पक्की राहावी म्हणून पत्र्यातल्या भोकात बसणारी प्लास्टिकची खुंटी असते. नंतर लावलेल्या मालात ती सहसा नसते, पण असली तर दोरा तिथे अडेल. अडल्यावर जोर लावू नका. तेवढी जागा सोडून पुढचं कापा आणि खुंटी शेवटी सरळ बाहेर ओढा.

बीडिंगच्या वर आणि खाली मास्किंग टेपचे दोन थर लावा. दाराच्या कडांवर, जिथे दोरा घासणार, तिथे तीन लावा.

ड्रायर १२०० वॅटच्या पुढचा असावा. ५-७ सेंटीमीटरवरून, हात सतत हलता ठेवून, एका वेळी वीतभर भाग मिनिटभर तापवायचा. उष्णता बीडिंगमधून फोमपर्यंत पोचायला वेळ घेते, म्हणून बीडिंगच्या वरच्या-खालच्या पत्र्यालाही वारा द्या. पत्र्यावर तळहात दोन-तीन सेकंद ठेवता आला पाहिजे, पण त्यापुढे ठेववू नये. म्हणजे ५०-५५ अंशांच्या आसपास आलं. यापेक्षा जास्त तापवून फायदा नाही. फोम फार मऊ झाला की मधूनच फाटतो आणि पत्र्यावर जास्त राहतो. हीट गनचा सर्वांत कमी सेटिंगचा वाराही बहुधा २५०-३०० अंशांच्या घरात असतो. हात क्षणभर थांबला तरी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, फुगू शकतो.

कापायला तंगूस घ्या, मासेमारीचा नायलॉनचा दोरा, ०.५ मिमीच्या आसपासचा. दात साफ करायचा फ्लॉस निम्म्यावर तुटतो. मिरजेत सतारीची तार सहज मिळते म्हणून कुणी ती सुचवेल, ऐकू नका. धातूची तार पत्र्याकडे जरा कलली की थेट प्रायमर दिसतो. मांजाही नको, काचेच्या थराने रंग घासला जातो.

हातभर तंगूस घेऊन दोन्ही टोकं लाकडाच्या दांडक्यांना गुंडाळा, नाहीतर बोटं कापतील. सुटलेल्या टोकाकडून दोरा आत घाला आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढत न्या. ओढ कायम बीडिंगच्या अंगाला ठेवायची, पत्र्याच्या अंगाला नाही. बीडिंगवर फोम कमी आणि पत्र्यावर जास्त राहिला तरी काही बिघडत नाही, तो नंतर निघतो. दोरा जड चालू लागला की थांबा, पुन्हा तापवा. कापलेली बीडिंग दुसऱ्या माणसाने हाताने धरून ठेवावी. ती लोंबकळली तर टेप उरलेल्या टोकाला सगळा भार घेऊन रंग ओढते.

पत्र्यावर राहिलेला फोम पुन्हा कोमट करून अंगठ्याने एका दिशेला रेटत चला. त्याच्या शेवया होऊन निघतात. कंटाळवाणं काम आहे, पण रंगाला सर्वांत सुरक्षित हेच. अंगठा दुखायला लागला की जुनं एटीएम कार्ड घ्या, आडवं, जवळजवळ पत्र्याला टेकवून. ब्लेड आणि पुट्टीची पत्री लांब ठेवा.

कराड_पेंटबूथ

वरचं सगळं बरोबर. थिनर आणि त्या डाव्या दाराबद्दल भर घालतो, कारण गाडी खराब होते ती तिथेच.

कंपनीचा रंग भट्टीत साधारण १३०-१४० अंशांना भाजलेला असतो. तो सॉल्व्हंटला (थिनर, टर्पेंटाईनसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाला) बराच तग धरतो. बाहेर मारलेला रंग हवेवर किंवा ६० अंशांच्या बूथमध्ये वाळतो. हार्डनर घातलेला टू-के रंग असेल आणि प्रमाण नीट पडलं असेल तर तोही चांगला असतो. पण स्वस्तात उरकलेल्या कामात एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनर नसलेला) रंग असला, किंवा हार्डनर कमी पडलेलं असलं, तर थिनर त्याच्या खालपर्यंत उतरतो. रंग आधी मऊ होतो, मग सुरकुततो. गॅरेजवाल्याच्या पाच मिनिटांत टेपही निघेल आणि तिच्याखालची पट्टीही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं, त्यालाही हेच लागू.

आधी दार तपासा. दाराच्या खालच्या दुमडलेल्या कडेवर, आतल्या बाजूला, पांढऱ्या सुती कापडावर थोडं थिनर घेऊन दहा सेकंद टेकवा. कापडावर रंग आला किंवा बोटाला चिकट लागलं तर त्या दाराला कुठलंच जहाल सॉल्व्हंट लावायचं नाही. एकच लक्षात ठेवा: रंग त्या कडेपर्यंत मारलेला असला तरच चाचणीला अर्थ आहे. रबरावर उडालेला फवारा किंवा मास्किंगची रेघ दिसली तर नवा रंग कुठपर्यंत आलाय ते कळतं.

डेंटिंगमध्ये पोचे भरायला लावलेली पुट्टी कुठे आहे तेही बघा. फ्रिजला लावायचं पातळ लोहचुंबक कागदात गुंडाळून दारावर फिरवा. जिथे ते सैल पडतं तिथे खाली पुट्टी. रंगाची जाडी मोजणारं यंत्र कुणाकडे असेल तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन येतो, २५० च्या वर गेला की दुसरा हात, आणि आकडा हजाराजवळ गेला की पुट्टी. पुट्टीवर बीडिंग असेल तर तिथे ओढायचं नाही, फक्त कापायचं. त्या भागाला ड्रायरही कमी, पत्रा नुसता कोमट लागेल इतकाच.

थंडीत भल्या सकाळी हे काम काढू नका. गार पत्र्यावर फोम कडक असतो आणि पुट्टीवरचा रंग तडकतो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडी तासभर उभी केली तर ड्रायरचं निम्मं काम फुकट होतं. फक्त एक पथ्य: तापवणं आणि कापणं उन्हात चालेल, सॉल्व्हंट मात्र सावलीत, पत्रा थंड झाल्यावर. तापल्या पत्र्यावर ते काम करायच्या आधीच उडून जातं आणि डाग ठेवतं.

मिरज_डिटेलिंग

सॉल्व्हंटचं राहिलं होतं.

फोम निघाल्यावर पातळ, चकचकीत चिकट पापुद्रा उरतो. त्याला मिनरल टर्पेंटाईन, हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंट पातळ करायला मिळतं ते. १०० मिली चारही दारांना पुरून उरतं. ॲक्रिलिक गम यात पटकन विरघळत नाही, तो फुगतो आणि पकड सोडतो, म्हणून याला वेळ द्यावा लागतो. टिश्यू पेपर भिजवून पट्टीवर चिकटवा, वरून प्लास्टिकची पिशवी कापून झाका, म्हणजे उडून जाणार नाही. पाच मिनिटांनी काढून मायक्रोफायबरने एकाच दिशेला पुसा. गोल घासलं की तोच गम पुन्हा पसरतो. दोन-तीन फेऱ्या लागतील. रंगवलेल्या दारावर एक-दोन मिनिटंच ठेवून बघा, आणि रंग जरा जरी निस्तेज वाटला तर लगेच पुसून थांबा.

रॉकेल चालतं, पण तेलकट थर ठेवतं आणि वास दोन दिवस जात नाही. पेट्रोल नको. कामाला टर्पेंटाईनपेक्षा सरस नाही, आणि गरम पत्रा, ड्रायर आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर भडका उडेल. टर्पेंटाईनही पेटतं, त्यामुळे ते उघडायच्या आधी ड्रायरची पिन काढून ठेवा. खोबरेल कागदी स्टिकरच्या गमावर चालतं, या फोमवर तासभर ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

शेवटी मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसून घ्या. टर्पेंटाईनचा तेलकटपणा जातो आणि गम कुठे राहिलाय ते बोटाला कळतं.

पोवईनाका_मेकॅनिक (सातारा)

चार दारांचा फोम अंगठ्याने काढायला वेळ लागतो. कंपनीच्या रंगाच्या तीन दारांना ड्रिलला लावायचं रबर व्हील वापरा, शाळेतल्या खोडरबरासारखंच रबर असतं. पण ड्रिललाच. ४ इंची ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो, या चाकाची मर्यादा त्यापेक्षा कितीतरी कमी असते आणि ती चाकावरच छापलेली असते. ड्रिलचा ट्रिगर अर्धा दाबायचा, चाक नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि एका जागी दोन सेकंदांच्या वर थांबायचं नाही. घर्षणाने पत्रा तापतो आणि क्लिअर कोट जळून पिवळा पडतो. मधेमधे हात लावून बघत राहा.

डाव्या दाराला आणि कुठल्याही बंपरला हे चाक लावू नका. बंपर प्लास्टिकचा, उष्णता बाहेर जायला वाट नाही, रंग लगेच मऊ होऊन फाटतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सविस्तर सांगितल्याबद्दल मनापासून आभार. तीन दारं तंगूस आणि अंगठ्याने काढली, रबर व्हील फक्त शेवटच्या पातळ थराला वापरलं. ओरखडा नाही. आता दोन गोष्टी. बीडिंगची बाह्यरेषा दोन्ही कडांना पिवळट-काळी दिसते, टर्पेंटाईनने जात नाही. आणि डाव्या दारावर कापड टेकवून बघितलं तर थोडा पांढरा रंग आला. तिथे पुढच्या टोकाला फोमच्या कडेला रंग केसभर उचललेला दिसतो.

कराड_पेंटबूथ

डावं दार जिथे आहे तिथेच थांबवा. उचललेल्या जागेपासून सुरुवात करायची नाही, मागच्या टोकाकडून पुढे कापत या. शेवटची चार बोटं राहिली की उचललेल्या रंगावर मास्किंग टेप चिकटवू नका, ती काढताना रंग घेऊन येईल. तिथे फोम पत्र्यावर तसाच राहू द्या, बीडिंग तेवढी वेगळी करा. मग फोम नव्या धारदार कटरने वरून थर-थर तासून पातळ करा, पत्र्यापासून अर्धा मिमी वर थांबा. बाकीचा कोमट करून रंगाच्या अखंड बाजूकडून उचललेल्या कडेकडे लोटायचा, उलट कधीच नाही. उलट लोटला की पापुद्रा फाटत पुढे जातो.

टर्पेंटाईनही या दाराला नको. कोमट पाणी, कार शाम्पू आणि अंगठा.

उचललेली कड परत चिकटवून टिकणार नाही. खालून पाणी शिरलं की पत्रा गंजतो. निघेल तेवढा सैल रंग काढा, ८०० च्या पॉलिश पेपरने कड उतरती करा, आणि दुसऱ्या दिवसावर न ढकलता तिथे प्रायमर मारून घ्या. टचअप पेन चालेल, कलर कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो. दार पुन्हा रंगवलंत तर नव्या रंगावर महिनाभर टेप, स्टिकर, वॅक्स काही लावू नका.

मिरज_डिटेलिंग

पिवळट रेषेचं: ती बहुतेक वेळा रंग उडाल्याची नसते, मळ आहे. बीडिंगच्या कडेला वर्षानुवर्षं पाणी साचून धूळ आणि काजळी क्लिअर कोटमध्ये बसते. पांढऱ्यावर ती काढता येते. लाल गाडी असती तर बीडिंगखालचा रंग गडद आणि बाकीचा उडालेला दिसला असता, ते पॉलिशने पूर्ण जुळत नाही.

क्ले बार (रंगावरचा मळ उचलणारी, मळलेल्या मातीसारखी वडी) घ्या. लिटरभर पाण्यात १० मिली शाम्पू घालून पत्रा ओला ठेवा आणि रेषेवरून हलक्या हाताने आडवं फिरवा. क्ले अडखळायचं थांबलं की मळ निघाला. दोनतीन वेळा फिरवलं की क्ले मळून घ्यायचा, आणि खाली पडला तर टाकून द्यायचा.

त्यानंतरही सावली राहिली तर बारीक पॉलिश, फोमच्या पॅडवर, हाताने. कटिंग कंपाउंड (थर कापणारं भरड पॉलिश) आधी उचलू नका. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, तो पुन्हा पुन्हा कापायला परवडत नाही. पॉलिश करताना कापड पांढरं व्हायला लागलं तर ते पॉलिशचंच आहे की रंगाचं ते बघा: त्याच पॉलिशचा ठिपका काचेवर घासून दुसऱ्या कापडाने पुसा आणि दोन्ही कापडं शेजारी धरा. साध्या पांढऱ्या रंगाच्या काही गाड्यांना वर क्लिअर नसतोच. मग कापडावर आलेला पांढरा तुमचा रंगच असतो. तसं असेल तर दोन हात फिरवून थांबा आणि वॅक्स लावा.

विश्रामबागच्या पलीकडे बोअरचं पाणी जड आहे. क्ले आणि पॉलिशनंतर नळाच्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळू न देता लगेच पुसा. नाहीतर त्याच रेषेवर क्षाराचे ठिपके बसतील.